बोटीवर मुक्काम की किनाऱ्यावर रूम?
राजारामपुरीतला एक मित्र थायलंडात फुकेतला शिडाच्या बोटीवर राहतोय, डिसेंबरात गावाकडनं चौघं यायचीत आणि ह्याचं ठरंना, सगळ्यांना बोटीवरच झोपवायचं का किनाऱ्यावर रूम घेऊन द्यायची. भावा, आधी पाणी बघ. चाळीस फुटी बोटीच्या टाकीत साधारण तीन-चारशे लिटर बसतं आणि आपली माणसं बादलीभर अंघोळ केल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत, म्हणजे दोन-तीन दिवसात टाकी खडखडाट. रूमवर हा विषयच नाही. उकाड्याचंपण तेच, नांगर टाकलेल्या बोटीत जनरेटर नसला की एसी विसरा, फॅन आणि वरची झडप उघडी, पाऊस आला की तीपण बंद. टॉयलेट हातपंपाचं, कागद टाकला की तुंबलं, ते खोलून साफ कोण करणार? तूच. खर्चात बोट स्वस्त, रूमवाल्यांना रोज डिंगीनं, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीनं, ने-आण करायला लागणार. पण फुकेतजवळच्या फांगन्गाच्या उपसागरात चुनखडीच्या सुळक्यांमधली पहाट आणि कांदा-लसूण चटणी लावून तिथंच तळलेला मासा, हे रूमवर मिळत नाही गड्या.

जोडपं असेल, अडचणीत झोपायची तयारी असेल तर दोन-तीन रात्री खुशाल बोटीवर ठेव, फक्त मऊ बॅगा आणायला सांग, सुटकेस ठेवायला जागा नसते. म्हातारी माणसं, लहान पोरं किंवा गगनबावड्याच्या घाटात उलटी करणारं कोण असेल तर रूमच, दिवसा फिरवून आण.