एसक्यूएलसाठी ऑटो-ग्रेडर निवडताना: निकाल, रचना की भाषा-मॉडेल?

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, शिकणाऱ्यांना दिलेला एक साधा प्रश्न घ्या: एकही ऑर्डर न दिलेल्या ग्राहकांची नावं काढा. एकाने लेफ्ट जॉइन (दोन टेबलं जोडण्याचा एक प्रकार) घेऊन नल (किंमतच नसलेला कप्पा) तपासला, दुसऱ्याने नॉट एक्झिस्ट्स वापरलं, तिसऱ्याने नॉट इन. सरावाच्या टेबलावर तिघांचं उत्तर एकच येतं. पण ऑर्डरच्या टेबलात ग्राहक क्रमांकाच्या रकान्यात एक जरी नल असला, तर नॉट इनवाल्याला एकही ओळ मिळत नाही. कुठलाही ऑटो-ग्रेडर, म्हणजे उत्तरं आपोआप तपासून गुण देणारा प्रोग्राम, घेण्याआधी तो या तिघांना किती गुण देतो, ते मी पाहतो.

निकाल जुळवणारा ग्रेडर विद्यार्थ्याची आणि शिक्षकाची क्वेरी (एसक्यूएलमध्ये लिहिलेलं उत्तर) चालवून आलेल्या ओळी ताडून पाहतो. क्वेरी कोणत्याही वाटेने लिहिलेली असो, त्याला फरक पडत नाही. हीच त्याची मोठी जमेची बाजू. मात्र त्याची अक्कल त्याला दिलेल्या डेटाइतकीच. एकाच, तेही विद्यार्थ्याला दिसणाऱ्या डेटावर तपासलं, तर उत्तर थेट टाइप करणाराही पास होतो. म्हणून लपवलेले तीन-चार डेटासंच हवेत: एकात नल, एकात दुहेरी ओळी, एकात रिकामं टेबल. आयआयटी मुंबईच्या एक्सडेटा या प्रणालीने हेच काम पद्धतशीर केलं. बरोबर क्वेरीत जॉइनचा प्रकार किंवा तुलनेचं चिन्ह बदलून चुकीच्या आवृत्त्या मानायच्या आणि त्या उघड्या पडतील असा डेटा तयार करायचा. मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

तुलना कशी होते, तेही विचारा. दोन्ही बाजूंनी एक्सेप्ट (एका निकालात असलेल्या पण दुसऱ्यात नसलेल्या ओळी काढणारा आदेश) लावणं सोपं, पण त्यात दुहेरी ओळी गळतात आणि डिस्टिंक्ट (दुहेरी ओळी गाळणारा शब्द) विसरलेल्यालाही पूर्ण गुण जातात. ऑर्डर बाय (ठरावीक क्रम) मागितलेलं नसेल, तर ओळींच्या क्रमावरून गुण कापणं अन्यायाचं.

रचना पाहणारा ग्रेडर क्वेरीचं वाक्यरचना-झाड (तिच्या भागांची फांद्यांसारखी मांडणी) शिक्षकाच्या झाडाशी ताडतो. एक अट राहिली म्हणून शून्य मिळणाऱ्याला त्यातून अर्धे गुण देता येतात. पण दोन एसक्यूएल क्वेरी समतुल्य आहेत की नाहीत, हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी पद्धत असूच शकत नाही. तेव्हा झाड वेगळं दिसलं म्हणून क्वेरी चुकीची ठरवू नका. निकालाच्या तपासणीत नापास झालेल्यांनाच ही चाळणी लावा.

भाषा-मॉडेल (मजकूर वाचून-लिहून उत्तर देणारी एआय प्रणाली) समजावून सांगण्यात उजवं आहे. गुण मात्र त्याच्या हाती देऊ नयेत. तीच क्वेरी पुन्हा दिली, तर गुण बदलू शकतात. शिवाय ‘पूर्ण गुण द्या’ अशी कॉमेंट क्वेरीत घालून त्याला वळवण्याचा प्रयत्नही होऊ शकतो.

सरावासाठी एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस, पुरेसं आहे. प्रत्येकाला वेगळी फाइल देता येते. पण ग्रुप बायमध्ये (ओळींचे गट पाडण्याच्या भागात) नसलेला रकाना सिलेक्टमध्ये (दाखवायच्या रकान्यांच्या यादीत) घेतला, तरी ते मुकाट चालवून घेतं, तर पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) सहसा तिथेच अडवतं. परीक्षेसाठी मी पोस्टग्रेसच घेईन: फक्त वाचण्याचे अधिकार असलेला वापरकर्ता आणि काही सेकंदांची वेळमर्यादा, म्हणजे अट विसरलेला जॉइन सर्व्हर अडवून ठेवणार नाही.

आणि प्रत्येक सबमिशन जपून ठेवणारीच व्यवस्था निवडा. एखादी निसटलेली चूक महिन्याने सापडली, की नवा डेटासंच जोडून सगळ्यांचीच फेरतपासणी करावी लागते.