डोंगर मुळशीचा, माळ भोरचा की पाचगणीचा जुना बंगला?

गेल्या वर्षी जूनमध्ये माझा मावसभाऊ आणि त्याचा ट्रेकिंगवाला मित्र तीन सातबारे घेऊन आमच्या कोथरूडच्या घरी आले. बांधकाम परवानग्यांची कामं करण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक जमिनीचा कागद एकदा आमच्या डायनिंग टेबलवर येऊन जातो. बेत असा होता: बारा खोल्या, एक झिपलाइन, रॅपलिंगची म्हणजे दोराने कडा उतरण्याची सोय, आठवडाभर शाळांच्या सहली आणि शनिवार-रविवारी हिंजवडीची मंडळी. जागा तीन. ताम्हिणीच्या रस्त्याला मुळशीतला तीन एकराचा डोंगरउतार. भोर तालुक्यात भाटघरच्या पाण्याजवळचा अडीच एकर माळ. आणि पाचगणीत भाड्याने मिळणारा जुना बंगला. दोघांनी मुळशी मनात पक्की केली होती. माझ्याकडून त्यांना फक्त होकार हवा होता.

मी तो दिला नाही. कारणं इथे मांडतोय, कारण असा बेत मनात असलेले पुण्यात बरेच आहेत आणि एजंट सगळ्यांना तोच सूर्यास्त दाखवतो.

मुळशी: मोबाइलमधला व्ह्यू आणि जमिनीचा उतार

डोंगरावर बांधायचं तर पहिला आकडा 1:5. म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. अंशांत मोजलं तर साधारण 11.3. एवढ्या किंवा याहून जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम होत नाही आणि तोडून-भरून ती सपाट करायलाही मनाई आहे. ऐकताना 1:5 फार खडा वाटतो, प्रत्यक्षात पायाला जेमतेम जाणवतो. आम्ही जागेवर गेलो तेव्हा मी गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप बरोबर नेली होती. तिच्यात पाणी भरलं, एक टोक मावसभावाच्या हातात दिलं आणि टेपने पाच मीटर खाली उतरलो. 'ही तर सपाटच आहे,' असं तो ज्या जागेबद्दल म्हणत होता, तिथे दोन टोकांत सव्वा मीटरचा फरक निघाला. पुढे टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने रीतसर कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढून घेतल्या. तीन एकरांपैकी बांधण्याजोगा पट्टा निघाला पाऊण एकराचा, तोही रस्त्याकडेला, जिथून दरी दिसतच नाही.

इथे एजंटचा ठरलेला सल्ला असतो: 'जेसीबी लावा, दोन दिवसांत प्लॉट पडतो.' ऐकू नका. मुरूम काढायलाच महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतं; विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. शिवाय आज सपाट दिसणारी जागा पाच वर्षांपूर्वी उतरती होती हे उपग्रहाच्या जुन्या चित्रांत कुणालाही दिसतं. कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, आपल्याच जिल्ह्यातलं आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराखाली गेलं, 151 माणसं गेली. डोंगराचा पाय कापून वर खोल्या बांधणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

दुसरा प्रश्न झोनचा. मुळशी तालुका पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा 2021 मध्ये आला आणि 2025 मध्ये रद्द झाला. त्यामुळे 'नव्या डीपीत ही जागा टुरिझममध्ये गेलीय' असं सांगून कुणी रंगीत नकाशा पुढे केला तर तो घडी घालून परत द्या. बघायची ती 1997 ची प्रादेशिक योजना आणि तिच्यावरचा झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या वापराच्या विभागात आहे ते सांगणारा कागद. गट नंबर देऊन दाखला मागता येतो. व्यवहाराचा टोकन देण्याआधी मागा. नंतर मागणाऱ्यांची रांग माझ्या ओळखीत मोठी आहे.

तिसरा प्रश्न सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्याचा. लोक मालकाचं नाव वाचतात आणि कागद मिटतात. या रकान्यात वनाची नोंद असेल, तर 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याचं आणि 1980 च्या वन कायद्याचं प्रकरण गळ्यात पडू शकतं. 'नवीन शर्त', कुळकायदा कलम 43, पुनर्वसनासाठी राखीव, यांपैकी काहीही दिसलं तरी विक्रीआधी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. मुळशीच्या त्या उताऱ्यात शिवाय सात सहहिस्सेदार होते आणि त्यांतल्या दोघांचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. ताम्हिणीचं अभयारण्य 2013 मध्ये जाहीर झालंय, 49.62 चौ. किमीचं; आपला गट त्याच्यापासून किती लांब आहे हेही वनखात्याकडून लेखी घ्यावं लागतं.

आणि पाऊस. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिमी पडतो. ताम्हिणीत जुलै 2024 मध्ये एका दिवसात 500 मिमीच्या वर पडला. शहराच्या हिशोबाने काढलेली गटारं, संडासाची टाकी, जोत्याची उंची इथे कामाची नाही. मी स्वतः एकदा या बाजूला मे महिन्यात जागा पाहून एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराचा आराखडा काढला होता. जुलैत गेलो तर ओट्याच्या जागेतून गुडघाभर पाण्याचा झरा वाहत होता. चूक माझीच. तेव्हापासून पावसाळ्यात पाहिल्याशिवाय डोंगरावर एक रेघही मारत नाही.

भोर: दिसायला साधी, कागदाला सोपी

भोरच्या माळावर पोचलो तेव्हा मित्राचा चेहरा पडला. सपाट रान, बाभळी, एक विहीर, लांब भाटघरचं पाणी. डोंगर मागे उभा, पण तो वनखात्याचा. मला मात्र जागा आवडली. उतार जेमतेम, पोचरस्ता सरकारी, एकच मालक, सातबारा कोरा.

तालुक्याचा काही भाग पीएमआरडीएत आहे, उरलेल्याला बांधकाम परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून, नगररचना खात्याच्या अभिप्रायाने. नियमावली दोन्हीकडे एकच: डिसेंबर 2020 ची एकत्रीकृत नियमावली, जिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. शेती विभागात पर्यटक निवास, रिसॉर्ट यांना अटींवर वाव आहे. पण इथेच बहुतेक जण घसरतात: फार्महाऊसची परवानगी काढतात आणि खोल्या भाड्याने देतात. फार्महाऊसला किमान 0.4 हेक्टर जमीन आणि 0.0375 चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एकराला साधारण 150 चौ. मी. बांधकाम मिळतं. ते शेतकऱ्याच्या राहण्यासाठी. त्यावर रिसॉर्टची पाटी लावली की वापर बदलला, आणि तक्रार करायला शेजारचा एक नाराज रिसॉर्टवाला पुरतो.

मावसभावाची एक जमेची बाजू होती. तो साताऱ्याकडचा खातेदार शेतकरी. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. मित्र त्यात अडकला असता. शेतकरी असल्याने 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाचाही रस्ता उघडतो, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून. मात्र शेती खरोखर दिसली पाहिजे. कुंडीतली तुळस दाखवून कृषी पर्यटन होत नाही.

अडचणी इथेही आहेत. एक, पाणी. धरणाच्या फुगवट्याजवळची जमीन घेतली म्हणून पाण्यापर्यंतचा काठ आपला होत नाही. संपादित रेषेखालचं सगळं जलसंपदा खात्याचं. तिथे तंबू ठोकून 'लेकसाइड' विकणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. दोन, मागचा कातळ. वनहद्दीतल्या खडकात परवानगीशिवाय बोल्ट ठोकणं म्हणजे सरळ गुन्ह्याला आमंत्रण. रॅपलिंगसाठी आपल्या हद्दीत मनोरा उभारावा लागेल. त्याचा खर्च आहे, पण मनोऱ्याची तपासणी दरवर्षी करता येते, कातळाची तशी करता येत नाही. शाळेच्या सहली आणायच्या असतील तर मला हे उलट बरंच वाटतं.

पाचगणी: बांधायचं नाही, म्हणून सोपं?

बंगला आयता, गिऱ्हाईक आयतं, टेबललँड हाकेच्या अंतरावर, पॅराग्लायडिंगचा नावलौकिक आधीपासूनचा. तरी थोडक्यात सांगतो. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग 17 जानेवारी 2001 पासून केंद्राने अधिसूचित केलेला पर्यावरण-संवेदनशील प्रदेश आहे. यूडीसीपीआर तिथे लागू नाही. खड्या उतारावर विकास नाही, झाड तोडायला परवानगी, पाण्याच्या उपशावर बंधनं. भाड्याच्या राहत्या बंगल्याचं हॉटेल करायचं तर वापरबदल मालकाच्या नावाने मागावा लागतो, आणि नाही मिळाला तर तुमचं फर्निचर तेवढं उरतं. झिपलाइनचे मनोरे त्या आवारात उभे करण्याचा विचारही नको. निव्वळ राहण्याची सोय आणि साहसी खेळ दुसऱ्या नोंदणीकृत आयोजकाकडून, असा धंदा करायचा असेल तरच पाचगणी.

'इको-सेन्सिटिव्ह' या शब्दाचा घोळ

मुळशी आणि भोर दोन्हींबद्दल मित्राने विचारलं, 'ते पण इको-सेन्सिटिव्हमध्येच ना?' इथे दोन वेगळ्या गोष्टी एका नावाने फिरतात. पाचगणीची अधिसूचना अंतिम आहे. पश्चिम घाटाची अजून मसुद्यात आहे. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन यांचा 2013 चा, त्यानंतर मसुदे येत राहिले. 31 जुलै 2024 चा सहावा. त्यात सहा राज्यांतलं 56,825.7 चौ. किमी क्षेत्र, महाराष्ट्राचं 17,340. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या तालुक्यांतली गावं त्या यादीत आहेत.

पण मनाई कशाला, ते वाचा. खाणी, औष्णिक वीज, लाल वर्गातले म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी उद्योग, आणि 20,000 चौ. मी. किंवा त्याहून मोठी बांधकामं, मोठ्या टाउनशिप. बारा खोल्या, भटारखाना आणि सभागृह मिळून आमचं बांधकाम 900 चौ. मी.च्या आत होतं. म्हणजे 'तिथे काहीच होत नाही' हे जितकं चूक, तितकंच 'ड्राफ्टच आहे, काय होतंय' हेही. गावाचं नाव यादीत आहे का ते पाहून प्रकल्प लहान ठेवणं, एवढंच आपल्या हातात.

तंबू, लाकूड आणि ग्रामपंचायतीचा ठराव

तिन्ही जागांवर एकच वाक्य ऐकू आलं: 'पक्कं बांधकाम नाही, मग परवानगी कशाला?' महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या जमिनीवर, वर किंवा खाली केलेलं बांधकाम-अभियांत्रिकी काम आणि जमिनीच्या वापरातला ठळक बदल, अशी आहे. शेतात तंबूंची रांग लावून पैसे घेणं हा वापरातला बदलच. झिपलाइनचा मनोरा हे अभियांत्रिकी काम. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र गावाशी संबंध चांगले ठेवायला जरूर घ्या. गावठाणाबाहेर ती बांधकाम परवानगी नव्हे. कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढण्याची नोटीस आली की ते पत्र कुणी हातातही घेत नाही.

लाकडी कॉटेजबद्दल माझं मत जरा कडू आहे. ताम्हिणीच्या पावसात तीन वर्षांत खांबाचे पाय कुजतात आणि वाळवी वेगळी. दगडी जोतं, लोखंडी सांगाडा, उतरतं छप्पर, आणि जिथे माती अडवायची तिथे दगडाच्या जाळीच्या भिंती, म्हणजे गॅबियन. पाणी त्यांतून झिरपून जातं. काँक्रीटची रिटेनिंग वॉल घालायचीच तर पाणी जायला भोकं ठेवा. भिंत मातीने पडत नाही, मागे तुंबलेल्या पाण्याने पडते. 2016 च्या संहितेप्रमाणे पुण्याचा परिसर भूकंपाच्या झोन 3 मध्ये आणि कोयना झोन 4 मध्ये आहे, त्यामुळे उतारावरच्या उंच-सखल खांबांचा हिशोब अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचा.

खेळांची परवानगी वेगळी. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 चं. त्याखाली आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, बचावाची तयारी, विमा दाखवायचा. इमारतीचं भोगवटा पत्र, म्हणजे ती वापरायची परवानगी, आहे म्हणून झिपलाइन चालवता येत नाही, आणि उलटही तेच. अग्निशमनाचं निराळं: 2006 च्या कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

धंद्याचं गणित करताना एक गोष्ट मित्राने धरलीच नव्हती. पुणेकर डोंगरात जातो तो पावसाळ्यात, आणि नेमक्या तेव्हाच दोर-खेळ बंद ठेवावे लागतात. 2024 च्या जूनअखेर लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या दुर्घटनेनंतर जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. मुळशीच्या टोकावर बसलात तर आदेश, दरड आणि धुकं तिन्ही तुमचीच. भोरच्या माळावर निदान सभागृहात शाळेची पोरं बसवून गाठी शिकवता येतात.

मग घ्यायचं काय?

माझं उत्तर भोर. मुळशी फक्त एका अटीवर: तो पाऊण एकराचा पट्टा पुरेसा वाटत असेल, खोल्या बारावरून पाचवर आणायची तयारी असेल आणि उरलेला उतार झाडांना सोडणार असाल. पायवाट ठेवा, पाहण्याची जागा ठेवा, राहायला रस्त्याकडेला. दरीचा व्ह्यू तसाही आपल्या सातबाऱ्यावर नसतो, समोरच्याच्या असतो. पाचगणी पहिल्या धंद्यासाठी नको.

मित्र महिनाभर फुगून बसला होता. मग त्यानेच भोरची मोजणी टाकली. भूमी अभिलेखचा माणूस आला तेव्हा पूर्वेचा बांध शेजाऱ्याने दीड मीटर आत सरकवलेला निघाला. त्याचं बोलणं सध्या चालू आहे. झोन दाखला हातात आलाय, टोकन अजून दिलेलं नाही. मुळशीचा एजंट मात्र दर रविवारी संध्याकाळी सूर्यास्ताचा फोटो पाठवतो, आणि मावसभाऊ तो मला फॉरवर्ड करतो, खाली काही न लिहिता.