जाळी, मच्छरदाणी, लिक्विड की कॉइल? घरासाठी डासप्रतिबंधाची निवड

डासांसाठी काय घ्यावे, असे दुकानात विचारले तर उत्तर ब्रँडच्या नावाने मिळते. वास्तविक त्याआधी आपल्याकडे डास कोणत्या वेळी चावतात हे पाहायला हवे. दिवेलागणीला घरात शिरून रात्रभर कानाशी गुणगुणणारा डास शहरात बहुतेक वेळा क्युलेक्स असतो. तो गटारे, तुंबलेले नाले, शौचालयाच्या टाक्या अशा घाण पाण्यात वाढतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीसही रात्रीच चावतो, मात्र मुंबईसारख्या शहरांत आढळणारी त्याची स्टीफेन्सी ही जात इमारतींवरील टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठवलेले पाणी अशा तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती, ज्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो प्रामुख्याने दिवसा चावतो: सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास. केवळ रात्री झोपताना लिक्विडचे बटण दाबणाऱ्या कुटुंबाला डेंग्यूपासून संरक्षण मिळत नाही ते यामुळेच. म्हणून पुढील तुलनेत कोणते साधन कोणत्या तासांना उपयोगी पडते, हाच मुख्य निकष ठेवला आहे.

या निकषावर खिडक्यांची जाळी सर्वांत वरचढ ठरते, कारण ती दिवसरात्र काम करते आणि एकदा खर्च केल्यावर दरमहा काही मागत नाही. भाड्याच्या घरात वेल्क्रोची जाळी सोयीची असते; ती चौरस फुटाच्या दराने मिळते आणि घर सोडताना काढता येते, परंतु पश्चिमेच्या उन्हात तिच्या पट्टीचा गोंद सुटतो आणि मग एखादा कोपरा महिनोन्‌महिने लोंबत राहतो. स्वतःच्या घरात सरकत्या ॲल्युमिनियम चौकटीतली जाळी अधिक टिकते. कोकणात, गोव्यात आणि एकूणच समुद्रालगत लोखंडी जाळी गंजते, त्यामुळे तेथे चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा फायबरग्लास घ्यावे. उंदरांचा त्रास असल्यास स्टीलच. जाळी बसवणारा कारागीर सहसा मोठ्या चौकटीचेच माप घेतो आणि खरी वाट उघडी राहते ती अन्यत्र. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पावसाचे पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली भोके, जाळीची चौकट आणि काचेची चौकट एकमेकींवर न बसल्याने उरणारी बोटभर फट, एसीच्या नळीभोवतीचे छिद्र आणि स्वच्छतागृहातील तिरक्या काचा या चार जागा कारागीर घरात असतानाच दाखवाव्यात. जाळीने वारा थोडा अडतो, आणि धूळ साचू दिली तर बराच अडतो, हा तिचा एकमेव गंभीर दोष.

मच्छरदाणी हे त्याहून स्वस्त, पण फक्त झोपेपुरते साधन आहे. तान्ह्या बाळासाठी मात्र तिला तोड नाही, कारण बाळ दिवसाही झोपते आणि त्याच्या श्वासात कोणतेही रसायन जात नाही. चौरस इंचाला सुमारे १५६ छिद्रे असलेली जाळी डासांसाठी पुरेशी मानली जाते. अंग जाळीला टेकले तर डास बाहेरूनही चावतो, त्यामुळे पलंगाच्या मापापेक्षा ऐसपैस मच्छरदाणी घ्यावी आणि तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. उकाड्याची तक्रार खरी आहे, पण छताचा पंखा वेगात ठेवला तर दोन्ही कामे होतात; डास दुबळा उडणारा असल्याने वाऱ्याच्या झोतात त्याला नीट बसता येत नाही. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यांत शासनातर्फे वाटली जाणारी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी ही वेगळी वस्तू आहे: तिच्या धाग्यातच औषध असते, तिच्यावर बसलेला डास मरतो, आणि साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा ३ वर्षांपर्यंत तिचा परिणाम टिकावा अशी अपेक्षा असते. ती वारंवार धुणे किंवा कडक उन्हात वाळवणे टाळावे.

आता सर्वाधिक खपाच्या वस्तूंकडे वळू. लिक्विडच्या बाटलीत ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन यांसारखे पायरेथ्रॉइड वर्गातील औषध असते. विजेवर तापणारी वात ते हळूहळू हवेत सोडते. कॉइलमध्येही याच वर्गातील औषध असते, फक्त ते लाकडाचा भुसा आणि तत्सम जळाऊ पदार्थांत मिसळलेले असल्याने औषधाबरोबर रात्रभर धूर घ्यावा लागतो. चीन आणि मलेशियातील कॉइलवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरले होते. याचा अर्थ कॉइल म्हणजे तितक्या सिगारेटी ओढणे असा नव्हे, कारण तुलना केवळ कणांच्या वजनाची आहे. तरीही दमा असलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलांच्या बंद खोलीत कॉइल लावण्याचे समर्थन करता येत नाही. गच्ची, अंगण, ओटा अशा उघड्या जागी आणि वीज नसताना तिचा उपयोग आहे, आणि तो तेवढाच मर्यादित ठेवावा. लिक्विड या बाबतीत निश्चितच बरे, परंतु त्याचा परिणाम खोलीपुरता आणि चालू असेपर्यंतच असतो. खिडक्यांना जाळी असेल तर त्या उघड्या ठेवून, अंधार पडण्याच्या अर्धा तास आधी ते सुरू करावे. डेंग्यूच्या दिवसांत सकाळीही काही वेळ चालवावे. घरात माशांची टाकी असल्यास त्या खोलीत ते लावू नये, कारण पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी असतात, आणि मांजरेही त्यांच्या बाबतीत संवेदनशील असतात.

डास पळवणाऱ्या स्वस्त अगरबत्त्यांबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार अशा उत्पादनाची नोंदणी बंधनकारक आहे, आणि ज्या पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि औषधाचे नाव व प्रमाण छापलेले नाही, त्यात काय जळते आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘हर्बल’ हा शब्द त्याची भरपाई करत नाही.

घरापासून दूर गेल्यावर यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. तेथे त्वचेला लावायचे मलम किंवा फवारा हवा. डीट हे जगात सर्वाधिक तपासले गेलेले औषध. पिकारिडिन तितकेच परिणामकारक असून त्याला वास कमी असतो आणि प्लॅस्टिकही त्यामुळे खराब होत नाही. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या मलमांत वेगळे पण डीटच्या जवळचे रसायन असते. सिट्रोनेला, निलगिरी, कडुनिंब यांची तेले लवकर उडून जात असल्याने ती पुनःपुन्हा लावावी लागतात. शाळेच्या सहा तासांसाठी त्यांच्यावर विसंबू नये. दोन महिन्यांहून लहान बाळाला डीट लावू नये, मोठ्या मुलांच्याही हातांना आणि डोळ्यांजवळ लावू नये, आणि सनस्क्रीन वापरत असल्यास आधी ते व नंतर हे, असा क्रम ठेवावा. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा धोका असलेल्या, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरात काजूच्या बागेत किंवा रानात जाणाऱ्याला तर अंगाला लावायचे तेल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हेच खरे संरक्षण आहे. गोचीड हा शास्त्राच्या दृष्टीने कीटक नव्हे, पण चावताना तो हा भेद पाळत नाही.

काही वस्तू यादीतून सरळ वगळाव्यात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने डास पळवण्याचा दावा करणाऱ्या उपकरणांचा उपयोग चाचण्यांत दिसून आलेला नाही. निळ्या दिव्याची यंत्रे डासांपेक्षा इतर किडेच अधिक मारतात. अमेरिकेतील डेलावेअर येथे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अशा यंत्रांत मेलेल्या १३,७८९ कीटकांपैकी चावणारे फक्त ३१ निघाले. मच्छर मारायची बॅट समाधान देते, आणि जाळीच्या आत अडकलेल्या दोन-चार डासांसाठी ती खरोखर उपयोगी आहे.

सोसायटीच्या सभेत निवड वेगळी असते: धूरफवारणी की पाण्याचा बंदोबस्त? धुरामुळे उडते डास मरतात, अळ्या मात्र पाण्यात सुरक्षित राहतात. पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागत असल्याने तेवढ्याच दिवसांत परिस्थिती पूर्ववत होते. साथ सुरू असताना फवारणी आवश्यक आहे, एरवी तोच पैसा गच्चीवरील टाक्यांची घट्ट झाकणे आणि शौचालयाच्या व्हेंट पाइपांना जाळ्या यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. घरात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, आणि त्या दिवशी पिंप-बादल्यांबरोबर फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मनीप्लांटची बाटलीही घासावी, कारण एडिसची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. गावात सांडपाण्याच्या उघड्या नाल्यांऐवजी घरोघरी शोषखड्डे केले, तर क्युलेक्सची पैदासच रोखली जाते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने ते करून दाखवले आहे.

वरील सर्व क्रमाला एक अपवाद विदर्भातील वाचकांनी ध्यानात ठेवावा. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा येथील रुग्णांत १९६५ साली आढळलेला, मुख्यतः लहान मुलांना होणारा चांदीपुरा विषाणूचा संसर्ग वाळूमाशीमुळे पसरतो. ही माशी डासापेक्षा बरीच लहान असल्याने खिडकीच्या नेहमीच्या जाळीतून आरपार जाते. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. अशा घरात आधी भेगा लिंपून घ्याव्यात, शेणाचा ढीग भिंतीपासून दूर न्यावा, आणि साध्याऐवजी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी मिळते का, याची प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.