अकरा महिने ईव्ही चालवली, त्यात मिठाचा खड्डा पण आला

आधीच सांगतो, मी कामाला आहे कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीला. दिवसभर इंजिनाच्या सिलिंडर हेडची कास्टिंगं बघायची आणि संध्याकाळी इंजिनच नसलेल्या इलेक्ट्रिक गाडीत बसून घरी यायचं, त्यामुळं शॉपवरची पोरं अकरा महिने एकच टोमणा मारतायत, "साहेब, स्वतःच्याच पोटावर पाय मारताय की!"

गाडी छोटी हॅचबॅक, 24 किलोवॅट-अवरची बॅटरी. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढं थोडं रडगाणं पण आहे. साडेतेरा हजार किलोमीटर झालं. कागदावर रेंज 300 च्या वर, मला गावात एसी लावून 190-200 मिळतंय, हायवेला 90 नं पळवली की 170. एवढं धरून चाला, मग मनस्ताप होत नाही.

खरी गंमत पहिल्या रात्रीची. घर मंगळवार पेठेत, वायरिंग आजोबांच्या काळचं. 15 अँपिअरचा नवा सॉकेट बसवला, केबल लावली तर तांबडा दिवा. सकाळी बघतोय तर गाडी काल होती तिथंच, 31 टक्के. शोरूमवाले म्हणाले घरची लाईट बघा, वायरमन म्हणाला गाडी बघा, असं चार दिवस. शेवटी आमच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो, त्यानं टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला नि एक अर्थला लावली, बल्ब नुसता मिणमिणला. "ओ, अर्थिंगच नाही तुमच्यात, इतकी वर्षं गिझर देवाच्या भरवशावर चाललाय." मग परसात आठ फूट खड्डा, मधी जीआय पाईप, भोवतीनं कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा, परत मीठ. आई जिन्यात उभी राहून म्हणते, "लोणचं घालताय काय रे?" त्या रात्री हिरवा दिवा लागला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह नंतर घ्या, आधी घरचं अर्थिंग बघा, आणि अपार्टमेंटमध्ये असाल तर पार्किंगपर्यंत वायर कशी न्यायची ते सोसायटीशी आधी बोलून घ्या.

खर्चाचं थोडक्यात. लांबचे प्रवास सोडून महिना 1100 किलोमीटर, घरच्या मीटरवर 160 च्या आसपास युनिट जास्त पडतात, बिल दोनेक हजारानं वाढलं. जुन्या पेट्रोल गाडीला एवढ्यालाच साडेसात हजार जायचे. फक्त एक, 300 युनिटच्या वर गेलं की दर चढतो, म्हणून महिनाअखेरीला आमच्यात इस्त्रीवरनं भांडण होतंय.

पन्हाळ्याला लई मजा. चढताना टक्के पटपट खाली येतात, पोटात गोळा येतो, पण उतरताना पाय सोडला की रीजनवर, म्हणजे मोटरच उलटी वीज बनवून बॅटरीत भरते त्यावर, गाडी स्वतःच आवरते नि खाली येईस्तोवर दोन-तीन टक्के वाढलेले असतात. ब्रेकला हातच लागत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणजे पाय.

पुणं मात्र नियोजनाचं काम. 230 किलोमीटर, म्हणजे मधी एकदा चार्जिंग आलंच. दिवाळीत साताऱ्याच्या अलीकडं एका हॉटेलवर थांबलो, अ‍ॅपवर चार्जर मोकळा दाखवतोय, प्रत्यक्षात मशिनवर पोतं टाकलेलं आणि पुढं एक डिझेल गाडी लावून मालक जेवायला गेलेला. दुसरीकडं गेलो तर तिथं चार्जिंगची एकच गन, आणि आमच्या आधी एक गाडी नंबर लावून. 19 टक्के उरलेले. बायको म्हणाली, "मी एसटीनं आलो असतो तर आत्तापर्यंत पोचून चहा झाला असता." गप बसलो. चार्जर चालू असला तर 10 ते 80 ला तासभर लागतो, तो आपला जेवणात जातोय.

पावसाळ्याचं सगळे विचारतात. बॅटरीला आयपी67 आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. आता आमच्याकडं पंचगंगा 2019 ला आली ती काय अर्ध्या तासात माघारी गेली नव्हती. पातळी वाढायला लागली की गाडी सरळ मामांकडं राजारामपुरीत, वरच्या अंगाला.

रडगाणं म्हटलं ते हे. सातव्या महिन्यात सकाळी गाडी ठार मेलेली, रिमोटनं दारंसुद्धा उघडेनात. मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली, पण आतली 12 व्होल्टची छोटी, जी लॉक नि गाडी चालू करायचं काम बघते, ती उतरलेली, आणि ती उतरली की मोठीला कोण विचारतंय. सर्व्हिसवाले येणार उद्या. चावीनं दार उघडलं नि शेजारच्या काकांनी त्यांची वीस वर्षांची पेट्रोल गाडी पुढ्यात आणून जंपर लावला. इलेक्ट्रिकला पेट्रोलनं जीव दिला, हे काका अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत. परवा मात्र हळूच येऊन विचारलं, खड्ड्याला मीठ किती किलो लागलं म्हणून.