केडीई प्लाझ्मावर जीटीके, लिबरऑफिस आणि इलेक्ट्रॉन: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने माझं सगळं काम डेबियन 13 या लिनक्सवर, केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये चालू आहे. प्लाझ्मा क्यूटी या खिडक्या-बटणं काढणाऱ्या टूलकिटवर उभा आहे, पण माझी रोजची ॲप्स तशी नाहीत. फायरफॉक्स, गिम्प, इंकस्केप जीटीके या दुसऱ्या टूलकिटवाली. लिबरऑफिस त्याच कामाच्या स्वतःच्या व्हीसीएल थरावरचं. शिवाय एक-दोन इलेक्ट्रॉनची, म्हणजे आत ब्राउझर घेऊन चालणारी. ही सगळी एकाच घरची वाटावीत म्हणून बरीच खटपट केली आणि माझं मत पक्कं झालं: आपण रंग नि बटणं जुळवण्यात फार वेळ घालवतो, खरा फरक पडतो तो फाइल उघडायच्या खिडकीने.

प्लाझ्माच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत मी कामाचे फोल्डर लावून ठेवलेत. जीटीकेच्या खिडकीला ते ठाऊक नसतात. नावाचं पहिलं अक्षर दाबून यादीत खाली जावं म्हटलं, तर ती थेट शोधच सुरू करते. दिवसातून कितीतरी वेळा हात अडखळतो. फायरफॉक्सपुरता उपाय सोपा आहे. अबाउट-कॉन्फिग या त्याच्या सेटिंगच्या पानावर एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टलची फाइल-पिकरची नोंद शोधून तिथे 1 लिहायचं, म्हणजे खिडकी प्लाझ्माची येते. ही पोर्टलं म्हणजे ॲप आणि डेस्कटॉप यांच्यातले मध्यस्थ, मुळात फ्लॅटपॅकसारख्या बंदिस्त ॲप्सच्या सोयीची: ॲपला घरभर हिंडू द्यायचं नाही, आपण निवडलेली फाइल तेवढी त्याच्या हाती द्यायची. डार्क मोड हवा की नको, हेही ॲपला पोर्टलकडूनच कळतं. गेल्या काही वर्षांत लिनक्स डेस्कटॉपवर झालेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

लिबरऑफिसच्या 'अबाउट' खिडकीत व्हीसीएलपुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे जीटीके3 असेल तर केएफ6 चं, म्हणजे केडीईशी जुळवून देणारं, पॅकेज टाका. मेनू, स्क्रोलबार, फाइलची खिडकी, सगळं प्लाझ्माचं होतं.

लिबअद्वैता या जीनोम डेस्कटॉपच्या जीटीके लायब्ररीवरची ॲप्स मात्र थीम मानत नाहीत. मार्च 2022 च्या जीनोम 42 पासून ती सर्रास दिसू लागली. सीएसएस (रूप ठरवणारे नियम) घुसवून त्यांना प्लाझ्माच्या ब्रीझ थीमचं रूप देता येतं, पण मी तो नाद सोडला. परक्या थीममध्ये अक्षरं पुसट होतात, आयकॉन हरवतात आणि तक्रारी जातात ॲप लिहिणाऱ्याकडे. त्यांची ही बाजू मला पटते. आवृत्ती 1.6 पासून ती निदान ॲक्सेंट (बटणं, निवडी उठून दाखवणारा) रंग तरी डेस्कटॉपचा घेतात, तोही ठरावीक नऊ रंगांतला जवळचा.

जीनोम वापरणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी, क्यूटी ॲप्सची. तिथे त्यांना जीनोमचं रूप देणाऱ्या क्यूजीनोमप्लॅटफॉर्म आणि अद्वैता-क्यूटी यांचं काम थांबलंय, तेव्हा जुने सल्ले तारीख बघून घ्या.

इलेक्ट्रॉनकडून फार अपेक्षा ठेवू नये. आतलं सगळं क्रोमियम हा त्यांच्या पोटातला ब्राउझर रंगवतो. वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर 125 टक्के स्केलिंग ठेवलं आणि ॲप जुन्या पद्धतीच्या ॲप्ससाठीच्या एक्सवेलँडमधून चाललं, तर अक्षरं धूसर होऊ शकतात. ॲपने कुठली डिस्प्ले पद्धत वापरायची हे ठरवणारा ओझोन प्लॅटफॉर्मचा पर्याय 'ऑटो' ठेवून सुरू केल्यावर माझ्याकडे ती स्वच्छ झाली.

मराठीसाठी फॉन्टकॉन्फिग या लिनक्सच्या फॉन्ट निवडणाऱ्या व्यवस्थेमध्ये नोटो सान्स देवनागरीला पहिली पसंती द्या. फॉन्ट शोधायला क्यूटी, जीटीके आणि क्रोमियम तिघंही तिथेच जातात, त्यामुळे मेनूपासून चॅटपर्यंत अक्षर एकाच वळणाचं दिसतं. टायपिंगला मी सिस्टिमच्या कीबोर्ड लेआउटमधलं इनस्क्रिप्ट वापरतो. ते या सगळ्या ॲप्समध्ये काही वेगळं न करता चालतं.