सोलेनॉईड घेताय? इंच नंतर सांगा, आधी टाकी किती उंच ते सांगा

सोलेनॉईड म्हणजे विजेच्या कॉईलवर पाणी उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काउंटरवर जाऊन नुसतं "एक इंची सोलेनॉईड द्या" म्हटलं, की बहुतेक वेळा पायलट व्हॉल्व्ह हातात पडतो. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत सँड मिक्सरला पाणी सोडायला असाच एक बसवला होता. टाकी व्हॉल्व्हपासून जेमतेम तीन मीटर वर. कॉईल गुणगुणायची, पाणी मात्र करंगळीएवढं. दोन कॉईली बदलल्या, इलेक्ट्रिशियनला उगाच बोल लावले.

दोष कॉईलचा नव्हताच. पायलटची कॉईल फक्त एक बारीक भोक उघडते. डायफ्राम, म्हणजे पाणी अडवणारा आतला रबरी पडदा, उचलतो तो पाण्याचा दाब. त्यासाठी पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या बाजूच्या दाबात साधारण 0.3 ते 0.5 बारचा फरक लागतो. दहा मीटर उंचीला 1 बार धरा. तीन मीटरला 0.3, त्यातून पाईप-बेंडनी खाल्लं ते वेगळंच. पंपाच्या लाईनवर मात्र हाच व्हॉल्व्ह उत्तम: छोट्या कॉईलवर भरपूर पाणी. वाळूचा कण त्या भोकात अडकला की संपलं, म्हणून आधी स्ट्रेनर, म्हणजे गाळणीची जाळी, हवीच. व्हॉल्व्हवरचा पाण्याच्या दिशेचा बाणही बघा, उलटा बसवलेला चालत नाही.

दुसरा प्रकार डायरेक्ट. यात कॉईल स्वतःच प्लंजर, म्हणजे आतला लोखंडी दांडा, उचलते, त्यामुळे शून्य दाबालाही उघडतो. पण भोक मोठं केलं की ताकद फार लागते, म्हणून ते काही मिलिमीटरचंच असतं. आटा अर्धा इंची आणि भोक 3 मिमी, असेही मिळतात. आट्यावर जाऊ नका, भोक विचारा.

तिसरा सेमी-डायरेक्ट. यात प्लंजर डायफ्रामला जोडलेला असतो. दाब असला तर तो मदत करतो, नसला तरी कॉईल ओढून उघडते. महाग पडतो, करंट जास्त खातो. टाकीच्या लाईनला माझं मत यालाच, मिक्सरवर आता तोच आहे.

सीलचं, म्हणजे आतल्या रबराचं, थोडक्यात: साध्या पाण्याला, हवेला नायट्राईल, गरम पाण्याला ईपीडीएम, पण तेल लागलं की ते फुगतं, तेलाला व्हायटन, वाफेला टेफ्लॉन. प्लंजर अडकला तर एसी कॉईल जळते, 24 व्होल्ट डीसीला ती भीती नाही.

राहिलं नॉर्मली क्लोज की ओपन, म्हणजे लाईट नसताना बंद राहणारा की उघडा. मिक्सरला क्लोजच, लाईट गेली की पाणी बंद. पण इंडक्शन फर्नेसच्या, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या, थंड ठेवणाऱ्या इमर्जन्सी पाण्याला उलटं: लाईट गेल्यावरच टाकीचं पाणी फर्नेसच्या कॉईलमधून फिरायला हवं. तिथे नॉर्मली ओपन, तोही शून्य दाबावर चालणारा. त्याची कॉईल दिवसभर चालू राहते, तेव्हा सतत चालणारीच मागा. आम्ही महिन्यातून एकदा, भट्टी रिकामी असताना, तिची लाईट काढतो आणि पाणी येतंय का ते परतीच्या पाईपला हात लावून बघतो.