डॉक्सी-जीडीएनएफ जीन स्विच: चालू होण्यापेक्षा बंद होणं मोलाचं

दुचाकीच्या अपघातात मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला की हाताच्या नसा कधी कधी मज्जारज्जूतून मुळासकट उपटून येतात. मूळ परत रोवलं तरी हाताची हालचाल बहुधा पुरेशी परतत नाही. अशा दुखापतीसाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स इन्स्टिट्यूट फॉर न्यूरोसायन्समध्ये योस्ट फेरहागेन यांच्या गटाने जो जीन स्विच, म्हणजे औषधाने चालू-बंद करता येणारं जनुक, तयार केला, त्याचं हे परीक्षण. त्याचे 2019 सालचे निकाल उंदरांवरचे आहेत. तेव्हा याच नावाखाली कुणी रुग्णाकडून पैसे मागत असेल तर सरळ उठून यावं.

जनुक पेशीत नेणारा वाहक आहे लेंटिव्हायरस नावाचा विषाणू. त्याच्यातून जीडीएनएफचं जनुक नसेतल्या पेशींत जातं. जीडीएनएफ हे प्रथिन मोटर न्यूरॉनना, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना, जगवतं आणि त्यांचे तंतू वाढवतं. सोबत एक नियंत्रक प्रथिन असतं. डॉक्सिसायक्लिन (थोडक्यात डॉक्सी) हे प्रतिजैविक मिळालं तरच ते जनुक चालू करतं. हा नियंत्रक जिवाणू आणि विषाणूंच्या तुकड्यांपासून बनलेला, म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते. उपाय म्हणून त्याला एपस्टाईन-बार विषाणूतली ग्लायसिन-अ‍ॅलनिनची (प्रथिनांचे हे दोन घटक) साखळी जोडली आहे. हा विषाणू स्वतः लपण्यासाठी हीच युक्ती वापरतो. चोराचीच चावी, पण कामाची.

स्विच लागतो कशाला? कारण जीडीएनएफ सतत स्रवत राहिलं की तंतू तिथेच रेंगाळतात, वेटोळी घालतात आणि पुढे स्नायूकडे जातच नाहीत. जत्रेत रेवड्यांच्या दुकानापुढे पोर बसकण मारतं, तसं. या संशोधनात फक्त 1 महिना जीडीएनएफ चालू ठेवून बंद केलं. अडकणं कमी झालं, मोटर न्यूरॉन 24 आठवड्यांनंतरही टिकून होते आणि स्नायूंचे विद्युत प्रतिसाद 8 आठवड्यांत परतू लागले. कायम चालू ठेवलेल्या गटात मात्र तंतूंची वाढ उलट बिघडली. आमच्या मते या कामाचं खरं मोल या तुलनेत आहे. नुसतं 'जास्त वाढघटक द्या' म्हणणाऱ्या जुन्या प्रयोगांची पंचाईत नेमकी इथेच होत होती.

हाताळायला मात्र नाजूक. विषाणू उणे 80 अंशांवर, एकेका वापरापुरत्या छोट्या नळ्यांत ठेवावा. वितळवून पुन्हा गोठवला की ताकद झपाट्याने घसरते. फक्त पी24 (विषाणूच्या कवचातलं प्रथिन) मोजून मात्रा ठरवू नये, त्यात रिकामे कणही मोजले जातात आणि आकडा फुगतो. टोचताना बारीक काचेची सुई वापरावी, द्रावणात थोडा फास्ट ग्रीन रंग घालावा. नीट गेलं तर मुळाच्या आत हिरवी रेघ वातीत तेल चढावं तशी सरकते. बाहेर हिरवा थेंब जमला तर तेवढा डोस वाया. सुई दोनतीन मिनिटं तशीच ठेवून मग काढावी, नाहीतर द्रावण उलटं वर येतं.

डॉक्सिसायक्लिन पाण्यातून देणार असाल तर बाटली काळ्या कागदात गुंडाळा, उजेडात औषध मोडतं. चव कडू, म्हणून साखर घालावी लागते. नाहीतर प्राणी पाणीच कमी पितात आणि स्विच अर्धवट चालतो. पेशींच्या चाचणीत त्यांना वाढवायला घातलेलं सीरम टेट्रासायक्लिनमुक्त हवं (डॉक्सिसायक्लिन याच कुळातलं), नाहीतर 'बंद' गटातही जनुक थोडं चालू दिसतं आणि दोष उगाच स्विचवर येतो. नियंत्रक आणि जनुक दोन वेगळ्या विषाणूंत भरले तर दोन्ही एकाच पेशीत शिरायला हवेत. बऱ्याच पेशींत एकच शिरतो.

उणिवा आहेत. लेंटिव्हायरस पेशीच्या डीएनएत कायमचा घुसतो, त्यामुळे सुरक्षिततेची तपासणी लांबलचक असणार. विद्युत प्रतिसाद परतला म्हणजे बोटांनी शर्टाचं बटण लावता आलं असंही नाही.

माणसाच्या हातात तंतूला साधारण दिवसाला 1 मिमी या वेगाने मानेपासून पंजापर्यंत जायचं असतं, म्हणून स्विचही दोन वर्षं चालू लागेल असं पटकन वाटतं. पण अडकणं जिथे टोचलं तिथलं आहे. तंतू तेवढा पट्टा ओलांडून जाईपर्यंतच तो चालू हवा, आणि माणसात त्याला किती आठवडे लागतील ते उंदराच्या 1 महिन्यावरून ठरत नाही.